थुंकी लावलेलं बोट

टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेतला पुढारी भाषण करताना बोटाला थुंकी लावून कागद उलटतो, दर वाक्यात ‘या ठिकाणी’ म्हणतो आणि टाळ्यांसाठी मध्येच थांबतो. उद्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी सरांनी मला त्यालाच बघायला सांगितलं होतं. “तो करतो तेवढं टाळ,” म्हणाले. सगळे हसतात, मला किळस आली.

मग होस्टेलच्या खोलीत मैत्रिणीने, सुनंदाने, माझ्या सरावाचा मोबाईलवर व्हिडिओ घेतला. “बघा, पुढारीणबाई!” ती म्हणाली. माझंही बोट जिभेकडे जात होतं. ‘या ठिकाणी’ तर मोजवेना. शिसारी आली, स्वतःचीच.

आमच्या घरात माइक कुणी हातात धरलेला नाही. भाषण म्हणजे काय, ते मी गावच्या सभांत सतरंजीवर बसून पाहिलं. बोलताना ज्यांना कुणी कधी अडवलं नाही, त्या पुढाऱ्यांच्या सवयींचाच चिकटपणा बहुतेक नकळत अंगाला लागला. जिभेवर अजून कागदाची चव होती.

“पुन्हा घेऊ?” सुनंदाने विचारलं. मी कागद तिच्याकडे दिला, हात मागे घट्ट धरले. तिसऱ्याच वाक्याला अडले.

ती हसली नाही. “सावकाश,” म्हणाली, “मी ऐकतेय.”