भास्करच्या घरातल्या बैठका

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. छत्तीस वर्षं ज्या खात्यात काढली तिथं न सांगणं हेच काम होतं, त्यामुळे माझं गप्प राहणं कुणाला कधी खटकलंच नाही. उलट त्याचं कौतुकच झालं. पण खात्यासाठी गप्प बसणं वेगळं आणि हे — हे वेगळं. यात देशाचं काही नाही. हे माझं एकट्याचं आहे.

थकलोय, खरं सांगायचं तर. चौसष्टावं चालू आहे. जळगावात घर आहे, गुडघे दुखतात, सकाळी फिरायला जातो तेव्हा लोक 'साहेब' म्हणून थांबतात. त्यांना माझी कारकीर्द पाठ आहे. बड्या अधिकाऱ्यांची ती छापतात ना, तशी माझीही छापून आली होती — असोद्याच्या केळीच्या मळ्यातला मुलगा, धुळ्याला शिक्षण, गुप्तवार्ता खात्यात निवड, मग ईशान्येकडची नेमणूक, सीमेवरची, परदेशातली, राष्ट्रपतींचं पदक, शेवटी दिल्लीतली ती मोठी खुर्ची. सगळं खरं आहे. त्यात एकही वाक्य खोटं नाही. फक्त 'निवड' आणि 'नेमणूक' या दोन शब्दांच्या मध्ये दोन-तीन महिने जातात. उमेदवाराची चौकशी होते — घर कसं, संगत कशी, वागणूक कशी. त्या महिन्यांबद्दल कुणाच्याच कारकिर्दीत काही लिहिलेलं नसतं. माझ्याही नाही.

भास्करबद्दल सांगायला हवं आधी.

भास्कर सोनगीरचा. धुळ्याला कॉलेजात आम्ही एका खोलीत तीन वर्षं राहिलो. तो माझ्यापेक्षा हुशार होता. हे मी आता मोठेपणा म्हणून म्हणत नाही, तेव्हाही मला ते माहीत होतं आणि सलत होतं. मी दोनदा वाचायचो ते तो एकदा वाचायचा आणि मला समजावून सांगायचा. सुट्टीत मी त्याच्याकडे जायचो. त्याची आई ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी करायची, वडील — त्यांना सगळे आबा म्हणायचे — ओट्यावर बसून आमच्या अभ्यासाची चौकशी करायचे. आणि त्याचा मोठा भाऊ, नाना. नाना दहावीनंतर शेतीत उतरला होता, पण त्याचं अक्षर सुरेख होतं. शिरपूरच्या वरची, सातपुड्याच्या पायथ्याची माणसं त्याच्याकडे यायची, जंगलजमिनीचे अर्ज लिहून घ्यायला. अंगणात बसायची, चहा प्यायची, अंगठे उठवायची, निघून जायची. एकदा शहाद्याला मोर्चा होता, तेव्हा नाना भाकऱ्यांची टोपली घेऊन गेला होता. एवढंच. याहून जास्त काही नव्हतं. मी त्या अंगणात झोपलोय, मला माहीत आहे काय होतं आणि काय नव्हतं.

आम्ही दोघांनी खात्याची परीक्षा दिली. दोघंही पास झालो. मुलाखती झाल्या, त्यातही दोघं निघालो. सोनगीरला आबांनी पेढे वाटले — माझ्याही नावाचे वाटले. मग कुणीतरी म्हणालं — कोण ते आज आठवतही नाही — की एकाच भागातली, एकाच कॉलेजातली दोन मुलं ते लोक एकदम घेत नाहीत. एकाला गाळतात.

खरं होतं का ते? मी विचारलं नाही कुणाला. नुसतं मनात ठेवून घेतलं.

मग चौकशीचा माणूस आला. साध्या कपड्यातला, पन्नाशीचा, हातात रेक्झिनची पिशवी. होस्टेलच्या खाली चहाची टपरी होती, तिथं आम्ही बसलो. दुपार होती, भास्कर वाचनालयात गेला होता. त्या माणसानं आधी मला माझ्याबद्दल विचारलं. मग सहज म्हणाला, "तुमच्या मित्राला काल भेटलो. तुमच्याबद्दल फार चांगलं बोलला हो."

भास्कर चांगलं बोलला होता. आदल्या वर्षी कॉलेजच्या भांडणात मी एसटीची काच फोडली होती आणि चौकीत चार तास बसलो होतो, हे त्याला माहीत होतं. त्यानं सांगितलं नव्हतं.

"त्याच्याबद्दल तुमचं काय मत?" माणसानं विचारलं.

मी म्हणालो, मुलगा हुशार आहे. स्वभावानं चांगला आहे. आणि थांबलो. तसं थांबायला मला कुणी शिकवलं होतं? पुढे आयुष्यभर मी समोरच्याचं थांबणं वाचत आलो, त्यामुळे आज कळतं की मी किती सफाईनं थांबलो होतो. त्यानं वर पाहिलं. "पण?"

"घरी बैठका होतात," मी म्हणालो.

कसल्या, त्यानं विचारलं. मी म्हणालो, मोठा भाऊ घेतो, डोंगरातली माणसं येतात, सरकारविरुद्ध बोलणं चालतं. भास्कर असतो का? — असतो, मी म्हणालो. कधीकधी तोही बोलतो.

झालं. दोन मिनिटंही लागली नसतील. चहा संपला नव्हता माझा. तो माणूस पिशवी उचलून म्हणाला, बरं झालं मोकळेपणानं बोललात, अशीच माणसं लागतात आम्हाला. आणि मला तेव्हा बरं वाटलं. शाबासकी मिळाल्यासारखं.

माझं पत्र आलं. भास्करचं आलं नाही.

पुढचं मला त्याच्या पत्रांतून कळत गेलं. पोलीस सोनगीरला जाऊन आले होते. गावात सगळ्यांना विचारलं, ते नानाबद्दल. कोण येतं, काय बोलतो, मोर्चाला गेला होता का. त्यामुळे घरात कुणाला शंकाच उरली नाही की नोकरी कशामुळे गेली. आबा नानाशी बोलायचे बंद झाले. म्हणजे एका घरात, एका पंगतीत बसून — बंद. भास्करनं तोंडानं काही म्हटलं नाही, पण तोही तुटला. वर्षभरानं नाना घर सोडून वर, पायथ्याच्या एका गावात जाऊन राहिला. ज्यांचे अर्ज लिहायचा त्यांच्यातच. लग्न केलं नाही. आबा गेले तेव्हा आला, दारात उभा राहिला, खांदा दिला आणि परत गेला.

भास्कर शाळेत लागला. इतिहास शिकवायचा. मला दर दिवाळीला पत्र यायचं त्याचं, मग फोन यायला लागला. "आमचा एक माणूस तरी आत आहे," असं तो म्हणायचा. त्यात कडवटपणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

खात्यात आठ-नऊ वर्षं झाल्यावर मला कळलं की तसा काही नियमच नव्हता. एका भागातली दोन नाही, पाच मुलंही घेतात. आमच्याच वर्षी एका गावातले दोघं होते. आम्हा दोघांनाही पत्र आलं असतं.

मग पुष्कळ वर्षांनी माझी बदली दिल्लीला प्रशासनात झाली. मुदत संपलेल्या जुन्या फायली नष्ट करायच्या होत्या, त्याची यादी मंजुरीला माझ्याकडे आली. त्यात न घेतलेल्या उमेदवारांच्या फायली होत्या. मी भास्करची मागवून घेतली. पातळ होती. सगळे शेरे उत्तम होते — आणि मग एका कागदावर तीन ओळी. विश्वसनीय सूत्रांकडून समजते की उमेदवाराच्या घरी आक्षेपार्ह बैठका होतात व उमेदवार त्यांत सहभागी असतो. विश्वसनीय सूत्रं! हे शब्द मी स्वतः त्याआधी किती अहवालांत लिहिले असतील. कितीकांच्या फायलींत. त्या प्रत्येक सूत्राच्या पोटात काय होतं ते मी कधी पाहिलं होतं का?

तो कागद मी खिशात घालून आणू शकत होतो. निदान एक प्रत काढू शकत होतो, त्याला दाखवायला. मी यादीवर सही केली. नियमाप्रमाणे. आठवड्याभरात सगळं नष्ट झालं.

निवृत्त होऊन जळगावला आलो तर धुळ्यात सत्कार ठरला. परिचय करून द्यायला भास्कर. त्यानं स्वतःच्या हातानं सात पानं लिहून आणली होती. कुठे कुठे होतो, काय काय केलं, घरी कोण, सगळं बिनचूक. वाचता वाचता मध्येच थांबून म्हणाला, "माझी निवड झाली नाही, पण ज्याच्या शेजारची कॉट माझी होती त्याची झाली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली, नारळ घेतला, हसलो. सभागृहात मागच्या रांगेत नाना बसला होता. डोक्यावर टोपी, हाडं वर आलेली. त्याला मी बावीस-तेवीस वर्षांनी पाहत होतो. गर्दी ओसरायच्या आत तो निघून गेला.

मागच्या हिवाळ्यात भास्करचा फोन आला. नानाला वरून आणलंय, फुप्फुसाचं दुखणं आहे, डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. आणि तो तुझं नाव काढतोय, येशील का?

मी गेलो. सकाळी दहाला सोनगीरला पोचलो. महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज घरात ऐकू येत होता. नाना खाटेवर होता, उशांना टेकलेला. भास्करच्या बायकोनं चहा आणला, नानानं तिला हातानंच बाहेर जायला सांगितलं. भास्करलाही. 

"इलास," तो म्हणाला — 'विलास' त्याच्या तोंडी कायम 'इलास'च — "तू तठे व्हता. तुले बठ्ठं माहीत शे."

मी म्हणालो, तिथलं सगळं म्हणजे काय, नाना?

"मन्हामुये गयी का रे भास्करनी नोकरी? खरं सांग. आते लपाडीसन काय करशी?"

तुम्हाला काय वाटतं, किती सोपं होतं? 'नाही, तुमच्यामुळे नाही' म्हणायचं होतं. नुसतं नाही. कारण सांगायचीही गरज नव्हती. म्हातारा माझ्यावर विश्वास ठेवून सुटला असता. किंवा खरं सांगायचं होतं — तोंडावर थुंकला असता, थुंकू द्यायचं. छत्तीस वर्षं मी माणसांकडून खरं काढून घेतलं, आणि एका मरणाऱ्या माणसाला एक शब्द देता आला नाही. 'नाही' म्हणालो तर तो विचारील, मग कुणामुळे — याची मला भीती वाटली. चौसष्टाव्या वर्षी, पदक घेतलेल्या माणसाला.

मी म्हणालो, "नाना, खात्यातल्या गोष्टी मला सांगता येत नाहीत. गोपनीय असतं ते."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं मान हलवली, हळूहळू, समजल्यासारखी. "हां," तो म्हणाला. "बरोबर शे. तुन्ही शपथ शे." आणि भिंतीकडे वळला.

अकरा दिवसांनी तो गेला. मी दहाव्याला गेलो. पांझरा नदीच्या काठावर सगळं आटोपल्यावर भास्कर मला बाजूला घेऊन गेला. डोळे सुजलेले होते, पण चेहरा शांत होता. इतकं शांत मी त्याला कॉलेजनंतर पाहिलं नव्हतं. म्हणाला, "तू येऊन गेलास ते फार बरं झालं, विलास. तू काही सांगितलं नाहीस, पण त्याला कळलं. म्हणाला, इलास बोलला नही, म्हंजे मन्हामुयेच. हात जोडले रे त्यानं माझ्यासमोर. थोरला भाऊ माझा. माझी माफी मागितली."

मी पायात चपला सरकवल्या.

"मी दिली माफी," भास्कर म्हणाला. "चाळीस वर्षांनी. म्हटलं, जाऊ दे नाना, झालं ते झालं. बरं केलं ना मी?"

"बरं केलंस," मी म्हणालो.

भास्कर मग पाहुण्यांना जेवायला बसवायला गेला. मी गाडीत बसून जळगावला आलो.

त्याला हे मी अजून सांगितलेलं नाही. सांगेन असंही इथं लिहीत नाही, कारण मी स्वतःला ओळखतो. नानानं काही केलं नव्हतं. भास्कर कुठल्या बैठकीत नव्हता. त्या अंगणात बैठकच नव्हती, अर्ज लिहिले जात होते. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी भरीस घातलं नव्हतं. चहा पीत पीत, शुद्धीत, मी ते बोललो. आणि नानाच्या खाटेशी गप्प राहिलो तोही मीच.