आयत्या वेळचे आबा

आबा विषयपत्रिका शेवटाकडून वाचत. ते आमच्या नगरपरिषदेचे नगराध्यक्ष आणि मी तिथली सभालिपिक, म्हणजे सभेत कोण काय बोललं ते लिहून ठेवणारी बाई. सभेआधी बारा-तेरा विषयांची पत्रिका टाइप करून मी त्यांच्या टेबलावर ठेवायची. पाण्याची टाकी, गटारं, कचरा, सगळं त्यात असायचं. आबा कागद उलटून थेट शेवटच्या ओळीवर बोट ठेवत: 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.' "ही वळ ऱ्हायली की बास," म्हणत, "बाकीचं तुमी बघा." लोक त्यांना माघारी 'आयत्या वेळचे आबा' म्हणत. आबांना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना चक्क अभिमान होता.

शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आबांचे पुतणे माझं घर विचारत येतील. शिरोली एमआयडीसीच्या पलीकडे, उसाच्या रानांवर आखून वसवलेलं शहर, एवढं पुरे. शिकल्यासवरल्या माणसांनी डोकं लावून त्याचा नकाशा केला होता. रुंद रस्ते, आणि दर सेक्टरला बाग, दवाखाना, शाळा. शाळेसाठी, बागेसाठी राखून ठेवलेल्या जागा हिरव्या रंगात होत्या. तो नकाशा आबांच्या केबिनमध्ये भिंतभर लावलेला. एका पाहुण्या साहेबांनी विचारलं, "हे हिरवं काय आहे?" आबा म्हणाले, "हिरवं म्हंजे हितं अजून कुनाचा हात पोचला न्हाई." साहेब खो खो हसले. मला हसू आलं नाही, कारण आबा विनोद करत नव्हते.

वाढत्या शहराला काय लागतं, याबद्दल आबांचं मत पक्कं होतं: कमान. सेक्टर दोनमधल्या बायका घागरी घेऊन कचेरीच्या दारात बसल्या, तेव्हा आबांनी त्यांना चहा पाजला आणि स्वागत कमान मंजूर केली. मी न राहवून म्हटलं, "आबा, पाइपलाइनचं काय?" तर म्हणाले, "आवो मॅडम, पाइप जमिनीखाली जातंय. कुनाला दिसतंय? कमान कशी, हायवेवरनं दिसती." पुढे आमच्याकडे सात कमानी झाल्या. पाणी मात्र दिवसाआड यायचं, तेही करंगळीएवढं.

खोटं कशाला बोलू, माझ्याशी ते कधी वाईट वागले नाहीत. पेठ वडगावहून येताना माझी एसटी चुकली तर कधी खडसावलं नाही. मी केबिनमध्ये गेले की आधी "मालकांची शुगर कशी हाय?" असं विचारत. कुणाच्याही मयतीला ते पहिले हजर. अशा माणसाचा मनापासून राग करणंही जमत नाही, आणि त्याचा मला जास्त राग यायचा.

त्यांची सभा चालवायची रीत अशी. पहिल्या चार विषयांवर तासन् तास भांडू द्यायचं. गटाराच्या झाकणावरून सदस्य एकमेकांची कुळं उद्धरत. दुपारचे दोन वाजले, पोटात कावळे ओरडू लागले, की आबा उरलेले विषय "मंजूर, मंजूर" करत धडाधडा संपवत. सदस्य खुर्च्या सरकवून उठू लागत. त्या खडखडाटात आबा खिशातून घडी केलेला कागद काढत. शहराचं जे काही खरं ठरायचं, ते त्या दोन मिनिटांत ठरायचं.

अशाच एका सभेत सेक्टर पाचमधली शाळेची जागा गेली. त्या जागेवर मंगल कार्यालय होणार होतं, आणि ते आबांच्या मेहुण्याचं. आक्काताई तेवढ्या बसून होत्या. महिला राखीव जागेवरून निवडून आलेल्या या शेतकरी बाई सभेत एरवी फारशा बोलत नसत. त्यांच्या सासऱ्यांनी शाळा होणार या शब्दावर आपलं रान दिलं होतं. सेक्टरमधली पोरं हायवे ओलांडून जुन्या गावातल्या शाळेत जात, आणि एका पोराचा पाय गाडीखाली सापडून मोडला होता. आक्काताई हात वर करून उभ्या राहिल्या. "शाळंच्या जाग्यावर लग्नं लावताय व्हय? माझा इरोध हाय. बाई, ल्हिवून घे." मी मान हलवली. आबा म्हणाले, "मंजूर!" आणि सगळे जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत की दरडावलं नाही. चहा मागवला. "मॅडम, सर्वानुमते ल्हिवा की. कशाला गावात वाईटपना?" मग सहज म्हणाले, "तुमची बदली मी दोन येळा थांबवलीया." घरी आजारी नवरा, रोजचा प्रवास, मी लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.' आबांना नावं ठेवताना माझी जीभ सैल सुटते, पण हे तीन शब्द माझ्या हातचे आहेत.

आक्काताई जिल्हाधिकारी कार्यालयात गेल्या. तिथे त्यांना इतिवृत्त दाखवलं: विरोध कुठाय? त्या परत येऊन माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. "हात वर केलता का न्हाई म्या? तू बघितलंस न्हवं?" मी म्हटलं, "नोंदीत नाही, ताई." त्या निघून गेल्या. पुढच्या निवडणुकीला उभ्याही राहिल्या नाहीत. वर्षभरात शाळेच्या जागेवर मंगल कार्यालय उभं राहिलं.

मी निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभ तिथेच ठेवला. कचेरीचा हॉल लहान पडेल म्हणे. आबांनी शाल घातली, नारळ दिला आणि माइक घेतला. "मॅडमांनी इतक्या वर्षांत आमचं येक काम अडवलं न्हाई. असा कर्मचारी पुन्यांदा हुनं न्हाई!" टाळ्या पडल्या. अंगावर कुणी शेण फेकलं असतं तर परवडलं असतं. मी उठले आणि बोलून टाकलं: ही जागा शाळेची होती, आक्काताईंनी भर सभेत विरोध केला होता, तो मी नोंदवला नाही, सर्वानुमते हे खोटं आहे.

आबा हसले. "बघा, मॅडमांची याददाश्त किती दांडगी! ह्या वयात!" पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. दोघातिघांनी तर उभं राहून वाजवल्या. आबांनी हात जोडून सगळ्यांना जेवायला चला म्हटलं.

आक्काताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. गर्दी पंगतीकडे वळली तशा त्या माझ्याकडे आल्या. मी वाकून त्यांच्या पाया पडायला गेले, तर त्यांनी पाय मागे घेतला.

"आता बोलून कुनाचं काय जातंय, बाई?" त्या म्हणाल्या. "तुजंबी न्हाई आन् त्याचंबी न्हाई."

आणि न जेवताच हायवेकडे चालू लागल्या. शाळा सुटायची वेळ झाली होती, नातीला रस्ता ओलांडून आणायचं होतं.