लकडबग्घ्यातला वाघ

आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखांचा मला अजून राग येतो, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. सर ब्राह्मणपारा मोहल्ल्यातले, भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेल्या घराण्यातले. स्वतःचं कुळ सांगायला लागले की समोरच्याचा चहा निवून जाई. प्राण्यांच्या कुळांबाबत मात्र सगळा आनंदच होता.

अंतर्गत परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न आला: तरस कुणाच्या जवळचं, कुत्र्याच्या की मांजराच्या? मी वर्गात शिकवलं होतं, त्याच्या थोबाडावर जाऊ नका, कानाच्या हाडातली पोकळी बघा. तिची ठेवण मांजर-मुंगसाकडची आहे. सरांच्या जुनाट नोट्समध्ये तरस कुत्र्यांत बसवलेलं होतं, आणि पेपर सरांनीच तपासले. बाकीच्यांनी शहाणपणाने नोट्स पाठ केल्या होत्या. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधल्या एका कामगाराच्या मुलीने मांजर लिहिलं, खाली हाडाचं कारणही लिहिलं. सरांनी शून्य दिलं. तेवढ्या दोन मार्कांनी तिचा विषय राहिला.

तिने फेरतपासणीसाठी अर्ज केला. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं; ती दाराशी उभी होती.

"हिंदीत लकडबग्घा म्हणतेत ना," सर म्हणाले. "नावात बग्घा दिसला, पोट्टीनं देलं मांजरात टाकून. तुक्का हाय. आपल्या मराठीत तडस. आता सांगा मले, तडसात वाघ कुठं हाय?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. या माणसाने पस्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं होतं.

"सर, खाली तिने कारण लिहिलंय," मी म्हणाले.

सरांनी पान उघडलंसुद्धा नाही. "हे तुमी शिकवलं काय? माह्या नोट्स सोडून?"

माझ्या पुढच्या वर्षाच्या कंत्राटाचा कागद त्यांच्या सहीसाठी समोरच पडला होता. त्यांनी तो नुसता बोटाने सरळ केला.

"नाही सर," मी म्हणाले. "नोट्सच शिकवल्या."

व्हरांड्यात ती माझ्यापुढे येऊन थांबली. घर मराठी, पण तोवर माझ्याशी ती कधी हिंदीशिवाय बोलली नव्हती.

"मॅडम, तुमीच तं शिकवलं होतं," ती म्हणाली. "मले खोटं काहून पाडलं?"

संध्याकाळी कंत्राटावर सही झाली. सर आता निवृत्त झालेत, नोट्स विभागातच आहेत, आणि यंदाही मी तरस कुत्र्यांतच शिकवलं.