उडत्या महालात पाणी कोण भरतं?

माघातली दुपार, महायुद्धाचं साल. हजर: मी, माझ्या सासूबाई आणि शेजारच्या अक्का. काम: भुईमुगाच्या शेंगा फोडणं. रॉकेल रेशनवर, म्हणून वाचन दिवसाउजेडीच उरकायचं.

एक अद्भुत कादंबरी मी लग्नाआधी एका दमात वाचली होती. चाळिशी उलटल्यावर पुन्हा काढली ती अक्कांसाठी. त्यांची भाषा कन्नड, मराठी खडेबाजारात भाजी घेण्यापुरती. मी एक वाक्य वाचायचं, ते कन्नडात सांगायचं, मग पुढचं. पहिल्या दिवशी मी अख्खं पान दोन वाक्यांत आटोपलं, तर अक्का पानाकडे बघून म्हणाल्या, एवढं छापलंय आणि इतकंच सांगितलंस? तेव्हापासून गाळणं बंद.

गोष्टीत ढगांवरून उडणारा महाल आहे. त्यात बसून राजपुत्र हरवलेल्या राजकन्येला देशोदेशी शोधतो. एका दुपारी अक्कांनी विचारलं, या महालाला विहीर नाही, मग पाणी कोण भरतं? मी म्हटलं, अद्भुत कथेत असलं विचारायचं नसतं. सासूबाई लगेच त्यांच्या बाजूला गेल्या.

"का न्हाय विचारायचं? तुझा राजपुत्र सारखा आंघोळ करतोय. पाणी काय ढग पिळून काढतोय व्हय?"

मी चिडून मागची पानं उलटली. दुसऱ्या प्रकरणात एक ओळ होती: ओल्या पदराची दासी घागर घेऊन जिना चढते. पुढे राजपुत्र वर न बघता तिच्या हातून तांब्या घेतो. आणखी पुढे जिन्यावर नुसतीच ओली पावलं. माझ्या अंगावर काटा आला. राजकन्या शेवटी त्याच महालात सापडते, हे मला ठाऊक होतं. तरुणपणी वाटलं होतं, लेखकानं कशीबशी गाठ मारली. आणि ती तर पहिल्यापासून माझ्या डोळ्यांसमोरून पाणी वाहत होती! मी तेव्हा राजपुत्राइतकीच आंधळी. हे कुणाला तरी सांगावं म्हणून जीव नुसता उतावीळ झाला, पण सांगणार कुणाला? शेवट दोघींनाही ठाऊक नव्हता.

अक्कांनी चेहरा ओळखला. कन्नडात म्हणाल्या, "काहीतरी सापडलंय तुला. बोलू नकोस, वाच."

मग रोजची दुपार कधी होते असं व्हायचं. शेंगा संपल्या, तर सासूबाईंनी निवडायला तांदूळ काढले.

शेवटची तीन प्रकरणं उरली आणि अक्कांच्या यजमानांची हुबळीला बदली झाली. ते रेल्वेत नोकरीला होते, लगेच निघावं लागलं. टांगा दाराशी आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चार वाक्यांत शेवट सांग आणि मोकळी हो." मी तोंड उघडणार, तोच अक्कांनी हात वर केला.

"तिनं आता कुठं घागर खाली ठेवलीय. का ठेवली, ते मला वाक्यावाक्यानं ऐकायचंय. पत्रातसुद्धा लिहू नकोस."

पुस्तक घेऊन मला हुबळीला जायचं आहे. ते अजून झालेलं नाही.