दहाव्याला आलेला मुकादम

बापूंच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता, आणि त्याला कारण आमचा कुत्रा होता.

कुत्र्याचं नाव मुकादम. एका धनगरानं कळप मोडला, तेव्हा तो याला आमच्या वडिलांकडे, बापूंकडे, देऊन गेला. मेंढरं वळणं त्याच्या रक्तात, आणि आमच्या घरी मेंढरू एक नाही! मग तो मिळेल ते वळायचा. कोंबड्या, वासरं, दळणाला निघालेल्या बाया. (टपालवाल्याला त्यानं एकदा गोठ्यात नेऊन उभं केलं होतं.)

बापू अंथरुणाला खिळले आणि त्याला शिस्त लावायचं काम माझ्याकडे आलं. मी कुंभार पिंपळगावच्या शाळेत मास्तर. पोरं हाताखालून गेलेली, तिथं कुत्र्याचं काय! रोज सकाळी भाकरीचा तुकडा धरून मी अंगणात ओरडायचो, "बस!" मुकादम माझ्याभोवती फिरायचा, मागून ढुशा देत मला ओसरीपर्यंत न्यायचा, आणि मी ओसरीवर टेकलो की माझ्या हातातली भाकरी खायचा. बापू खाटेवरून बघून हसायचे. हसले की त्यांना खोकल्याची उबळ यायची.

"बंद कर ती शिकवणी," आई म्हणाली. "माणूस जाईल अशानं."

मी बंद केली. माणूस तरीही गेलं.

घर सुनं झालं. त्यात धाकटा भाऊ नामा माझ्याशी बोलत नव्हता. वाटणीत बैलजोडी फोडून आम्ही एकेक बैल घेतला होता. एका बैलानं नांगर चालत नाही, हे दोघांनाही कळत होतं; पण दुसऱ्याचा मागायचा कुणी? बापूंनी दोघांनाही समजावून पाहिलं, आणि मग समजावणं सोडून दिलं.

दहाव्याला नदीवर आभाळ भरून आलं होतं. मुकादमला मी स्वतः खुंट्याला बांधून आल्तो. पिंड मांडले, जोशीबुवांनी हात जोडले, मंडळी मागं सरली. एक कावळा खाली उतरलाही. तेवढ्यात गळ्यात तुटका कासरा घेऊन मुकादम हजर!

त्याला एवढंच दिसलं, की कळप पांगलाय. त्यानं एक मोठा वळसा घेतला आणि सगळ्या सुतकी मंडळींना हाकत पिंडाभोवती आणून दाटीवाटीनं उभं केलं. कावळा उडाला.

"मास्तर, आवरा की त्याला!" चुलते तात्या ओरडले. "तुम्ही शिकवून राह्यले होते ना?"

मी खणखणीत आवाजात म्हणालो, "बस!"

दोन म्हातारे दचकून वाळूत बसले. मुकादम उभाच.

पुन्हा सगळे मागं सरले, पुन्हा त्यानं वळवून आणले. जोशीबुवा घामाघूम झाले. "कुत्र्याचं जाऊ द्या, कावळा झाडावरून हलतसुदिक न्हाई आता. बापूंची काही इच्छा राह्यली असंल. बोला जल्दी."

"आईला अंतर देणार नाही," मी म्हणालो. कावळा ढिम्म.

"विहिरीचा गाळ काढीन." ढिम्म.

"कुत्र्याला पुन्हा शिकवणार न्हाई म्हणा!" तात्या म्हणाले. तेही म्हटलं. (इतक्या मनापासून मी आयुष्यात कधी शपथ घेतली नव्हती.) बिलकुल उपयोग नाही.

बापूंची इच्छा काय होती, ते मला बराबर ठाऊक होतं. पण ते म्हणायचं तर आधी नामाला हाक मारावी लागली असती. नामा लांब बाभळीखाली, आमच्याकडे पाठ करून उभा होता. गोटा केलेलं त्याचं डोकं लहानपणी जावळ काढलं तेव्हा दिसलं होतं तसंच दिसत होतं.

मुकादमला तो दिसला. कळपातून सुटलेलं एक!

"हाड! हाड म्हणतो ना!" नामा ओरडत राहिला, पण धोतराचा सोगा मुकादमच्या दातांत होता. धोतर वाचवत, ठेचकाळत नामा आला आणि थेट माझ्या खांद्याला खांदा लागून उभा राहिला. डोळे लाल. मुकादमनं सगळ्यांभोवती एक फेरी मारली आणि वाळूत अंग टाकलं.

"बापू," मी म्हणालो, "आम्ही दोघं... मिळून..." नामानं नुसती मान हलवली. मग हुंदका त्याला आधी फुटला की मला, ते आजही सांगता येणार नाही.

मंडळी पाऊल न वाजवता मागं सरली. या वेळी मुकादमनं नुसता एक डोळा उघडला आणि मिटला. कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

परतताना नामा माझ्यासोबत चालत होता. मग त्यानं मुकादमकडं बघून विचारलं, "दादा, याला शिकवलं कुणी?"

इतक्या काळानं भाऊ बोलला होता. मी छाती जरा पुढं काढली. "मी."

नामा थांबला. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग कुत्र्याकडं.

"मंग एवढा शहाणा कसा निघाला?"