मागे न पाहता चढलेला डोंगर

ऐन विशीत मला मुदतीचा ताप आला, त्या हिवाळ्यात आमची मेंढरे पुसेगावच्या शिवारात खतासाठी बसवलेली होती. तापात मी माणूस ओळखेनासा झालो. वैद्याने हात टेकले. त्या सुमारास वडिलांच्या शेकोटीशी एक गोसावी उतरला होता. नेपाळातला देव सर्व पशूंचा धनी आहे, असे त्याने सांगितले. मेंढपाळाला एवढे पुरले. वडिलांनी बेलभंडारा उचलला : पोरगे उठले तर त्याला घेऊन त्या देवाला जाईन, आणि डोंगर लागेल तिथून पायाने जाईन.

मी उठलो. बेलभंडारा उचलून दिलेला बोल आमच्यात मोडत नाहीत. मोडला तर ज्याच्यासाठी दिला त्याच्यावर तो उलटतो, असे मानतात. मी मानीत नव्हतो. वडील मानीत होते.

महायुद्ध आडवे आले. ते संपून आम्ही निघालो तेव्हा मी तिशीकडे झुकलो होतो आणि वडिलांना चार पावलांवर धाप लागत होती. आई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “औंढ्याचा देव काय बहिरा हाय का? एवढ्या लांब काहून?”

“त्याला बोल दिलता का मी?” वडील म्हणाले, आणि घोंगडी खांद्यावर टाकून चालू लागले.

नेपाळ हा परमुलूख. आम्हा निजामाच्या रयतेला तिथे शिवरात्रीपुरतेच सोडतील, असे सांगण्यात आले होते. सरहद्दीवर तसा परवाना मिळाला. पुढे छोटी आगगाडी, मग लॉरी. आणि लॉरी थांबली तिथे डोंगर भिंतीसारखा उभा. आमच्याकडचा डोंगर मेंढरू पाण्याला जाताना ओलांडते. याचा माथा पाहताना पागोटे धरावे लागले.

त्या चढावर इतक्या तऱ्हांची माणसे होती की हा सगळा एकच देश आहे हे पटेना. वेण्या घातलेले पुरुष, कानभर सोने ल्यालेल्या बाया, तराईच्या सपाटीतले धोतरवाले. आणि प्रत्येकाची बोली निराळी. एका वेणीवाल्या म्हाताऱ्याचा लोकरी अंगरखा वडिलांनी बोटांनी चाचपला. “लोकर चांगली हाय,” म्हणाले. दुसऱ्या कशाकडे त्यांनी पाहिले नाही.

सामानासाठी एक हमाल केला होता. त्याच्या पाठीवर बांबूची निमुळती टोपली आणि तिचा पट्टा कपाळाला. तशाच टोपल्यांतून म्हातारी माणसेही वर जात होती. अर्धा चढही झाला नव्हता तोच वडील दगडावर बसले. ओठ निळसर पडले होते. हमालाने टोपली उतरवली. “बैठो, बाबा. सब बैठते हैं.”

“मी काय कोंबडी हाय का, डालग्यात घालाया?”

हमालाला कळले नाही, तो हसला. मला हसू आले नाही. इथे काही घडले तर सरणाला लाकडे कोणाकडे मागायची, हा एकच विचार डोक्यात फिरत होता.

“बा, बसा टोपलीत. बोल मी मोडला म्हणा.”

“तुझा हाय का मोडाया? तुझ्या जिवावर हाय तो.”

“माझा इस्वास न्हाई.”

“माझा हाय. बस झालं.”

ते काठी टेकून उठले. “म्होरं हो. मेंढरू डोंगर न्हाई पाहत, म्होरल्याचे खूर पाहतं. अन् मागं वळायचं न्हाई. म्होरलं थांबलं की कळप बसतो, अन् बसला की उठत न्हाई.”

मी पुढे झालो. त्यानंतर वडील मला दिसले नाहीत, फक्त ऐकू आले. काठीचा ठोका, मग श्वास, छातीत काही फाटत असल्यासारखा. मी पावले आखडती घेत गेलो. मध्येच कोणी घोळका उतरू लागला की तो आवाज बुडे, आणि घोळका सरेपर्यंत मी कान मागे लावून एकेक पाऊल टाकी. एका वळणावर मागे काहीच ऐकू येईना. काठी नाही, श्वास नाही. मी थांबलो. मान वळणार एवढ्यात मागून जीभ टाळूवर आपटल्याचा आवाज आला. रेंगाळणाऱ्या मेंढराला वडील असेच हाकीत.

मी चालू लागलो.

तो डोंगर आणि त्याच्या पुढचाही आम्ही असाच चढलो. शिवरात्रीला दर्शन झाले, गर्दीत क्षणभर. वडिलांनी फडक्यात बांधून आणलेला हळदीचा भंडारा पायरीवर वाहिला आणि चिमूटभर माझ्या कपाळाला लावला.

परतीच्या वाटेवर पहिल्या चढापाशी ते आपण होऊन हमालापुढे उभे राहिले. “ठेव टोपली.”

मी टोपलीतले गाठोडे काढून खांद्यावर घेतले आणि त्यांच्याकडे पाहिले.

“बोल जायाचा व्हता,” ते म्हणाले, “यायाचा न्हाई.”

“अन् कोंबडी?”

“व्हतो आता कोंबडी. उचल म्हण त्याला.”

टोपलीतला माणूस हमालाच्या पाठीला पाठ लावून बसतो. त्याचे तोंड मागे असते. मी मागून चालत होतो, त्यामुळे सबंध वाटभर त्यांचा चेहरा माझ्यासमोर होता. ओठांचा रंग अजून परतला नव्हता. मी त्यांच्या छातीचे वरखाली होणे पाहत होतो. ते माझ्या पायांकडे पाहत होते आणि अधूनमधून म्हणत होते, “दगड हाय. सांभाळ.”