निळ्या मोरचुदाचे पंचवीस ग्रॅम

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या बावीस वर्षं सैकाल एजेंकडे आहेत. एजे म्हणजे ताई. सरोवराच्या या काठावर त्यांना नुसत्या नावाने कोणी हाक मारत नाही. शिक्षण दहावी. लग्नानंतर नऊ उन्हाळे त्यांनी वरच्या कुरणात मेंढ्या राखल्या, मग शाळेत झाडलोट करायला लागल्या. बाटल्या धुता धुता सूत्रं वाचायला शिकल्या आणि सूत्रांवरून हिशेब.

रसायनशास्त्रात मोलवरून वजन काढणं मी फळ्यावर शिकवायचो तेव्हा मुलं जांभया द्यायची. एकदा एजे मागून म्हणाल्या, "मास्तर, त्यांना कळप द्या की. शंभर कोकरं आणि शंभर मेंढे, डोकी सारखीच. तराजूला विचारा, तो काय म्हणतो." पोरं हसली आणि त्या दिवसापासून कुणाचा गुणाकार चुकला नाही. मोल म्हणजे कणांच्या ठरलेल्या डोक्यांचा कळप. किती कळप, गुणिले एका कळपाचं वजन.

मेमध्ये जिल्ह्याकडून पत्र आलं. ज्यांच्याकडे पदविका नाही, अशा प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांची परीक्षा होईल. नापास झाले तर सप्टेंबरपासून घरी. एजे आठवडाभर सगळी कपाटं पुसत राहिल्या.

परीक्षक तुर्गुनबेक साहेब शांत गृहस्थ होते. त्यांनी चिठ्ठी दिली: मोरचूद (कॉपर सल्फेट), एक दशांश मोल. एजेंनी जुनी बरणी काढली आणि पंचवीस ग्रॅम तोलले. साहेबांनी बरणीवरचं सूत्र पाहिलं, मनात आकडे जुळवले आणि सोळा यायला हवेत असं म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. मीही लेबल वाचलं. सोळाच येत होते, आणि मी तसं सांगून टाकलं.

एजेंनी माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं.

"मास्तर, लेबल वाचलंत, बरणीत डोकावलात का?" त्या म्हणाल्या. "हे आलं तेव्हा पांढरं होतं. झाकण फुटलं, सरोवराची ओल प्यालं, निळं झालं. नोंदवहीतलं नाव बदलायला जिल्ह्याची सही लागते, म्हणून लेबल अजून कोरड्याचंच. भिजलेली मेंढी कोरडीच्या वजनाची असते होय?"

त्यांनी तोललेल्यातले अडीच ग्रॅम चिनी मातीच्या वाटीत घेतले आणि दिव्यावर ठेवले. वेळ लागणार होता, म्हणून साहेबांना चहा, पाव आणि जर्दाळूचा मुरंबा दिला. मी मात्र वाटीकडेच बघत बसलो. निळा रंग कडेकडेने फिका होत गेला, शेवटी पांढरी भुकटी उरली. वाटी निवल्यावर एजेंनी ती तोलली आणि रिकाम्या वाटीचं वजन वजा केलं. एक पूर्णांक सहा दशांश ग्रॅम.

"दसपट केलं की तुमचे सोळा," त्या म्हणाल्या. "डोकी तेवढीच आहेत साहेब, फक्त पाणी उडालं."

साहेबांनी दुसरी चिठ्ठी काढलीच नाही. अर्जावर 'उत्तीर्ण' लिहिलं आणि नोंदवहीतलं नाव बदलण्याच्या कागदावरही तिथेच सही केली.

सप्टेंबरमध्ये एजेंनी मला कामाला लावलं. त्या झाकण उघडून आत काय आहे ते सांगतात, मी नवं लेबल लिहितो. अजून दोन कपाटं बाकी आहेत, आणि माझं अक्षर त्यांना पसंत नाही.